बेकर्स फोर्डची त्रेसष्ट बाळं

बेकर्स फोर्ड हे अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं एक खेडं. आजची वस्ती दोनशे चौदा. पूर्वेला नदी, बाकी तिन्ही बाजूंनी मक्याची शेतं, मधून एक रस्ता. गाव वसलं ते नदीच्या उतारामुळे. तिथं पाणी गुडघाभर असायचं आणि गाड्या पार व्हायच्या. बेकर नावाच्या माणसानं उतारापाशी पिठाची गिरणी घातली आणि गावाला त्याचं नाव पडलं. पुढे रेल्वे आली, काचेच्या बाटल्यांचा कारखाना आला, १८८० साली वस्ती बाराशेवर गेली. मग कारखाना जळाला, रेल्वेनं गाडी बंद केली, शाळा शेजारच्या गावी गेली आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेत माणसं गळत राहिली.

हे गाव मी पाहिलेलं नाही. ज्या बाईनं मला त्याची इतकी माहिती दिली, त्या शकुन गावंडेनंही पाहिलेलं नाही. तिनं नागपूर एकदा पाहिलं होतं, तेही दवाखान्यासाठी.

अकोल्याला जठारपेठेत औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. बावीस कॉम्प्युटर आणि एक पाण्याची टाकी, जी मे महिन्यात दुपारीच संपायची. अमेरिकेतली एक कंपनी जुन्या नोंदवह्यांचे फोटो पाठवायची. चर्चच्या वह्या, दफनभूमीच्या वह्या, जनगणनेचे तक्ते. तिकडच्या लोकांना आपला खापरपणजोबा कुठून आला हे शोधायची फार हौस. आम्ही ती हातानं लिहिलेली पानं वाचून टाइप करायचो आणि कंपनी ती इंटरनेटवर टाकायची. टाइप झालेलं तपासायचं काम माझं.

शकुन मूर्तिजापूरजवळच्या वडगाव मोहाडीहून रोज पॅसेंजरनं यायची. वय चौतीस-पस्तीस, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी. घरी सहा एकर काळं रान, नवरा किशोर आणि सासू पार्वताबाई. मूल नव्हतं. कॉलेजात तिचा भूगोल होता. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की, जे अक्षर आम्हा कोणालाच लागत नाही ते हिला लागतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या पाद्र्याचं कोंबडीच्या पायासारखं अक्षर ती पाच मिनिटं नुसती बघत बसायची आणि मग सरळ वाचायची. तिच्या कामात मला चूक सापडायची नाही. म्हणून बेकर्स फोर्डचा सगळा गठ्ठा, १८५० ते १९१०, मी तिला दिला. दीड वर्षाचं काम होतं.

सहा महिन्यांत तिला ते गाव पाठ झालं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तिनं पेन्सिलीनं नकाशा काढला होता. गिरणी, चर्च, स्टेशन, कोणाचं घर कुठं. डबा खाताना ती मधेच म्हणायची, "मॅडम, मेयरची दुसरी बायको पण गेली."

"कधी गं?"

"अठराशे अडुसष्टमंदी. बाळंतपणातच."

पोरी खिदळायच्या. तीही ओठ दाबून हसायची. पण आम्ही हसून विसरायचो, ती विसरायची नाही. १८७१ च्या हिवाळ्यात गावात घटसर्पाची साथ आली. वीव्हर नावाच्या एका घरातली पाच लेकरं सतरा दिवसांत गेली. ती पानं टाइप करताना तिनं दोन दिवस डबा उघडला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "भूक नाई."

एके दिवशी मी तिच्या मागे उभी होते. तिनं स्क्रीनवर दोन पानं शेजारी शेजारी लावली होती, १८६० ची जनगणना आणि १८७० ची.

"हे पाहा मॅडम. साठमंदी याच्या घरी दोन लेकरं. सत्तरमंदी पण दोनच. लोकाईले वाटन, झालीच दोन. पर दफनच्या वहीत अजून तीन हायेत. मधल्या मधी आले, मधल्या मधी गेले. कोणत्याच मोजणीत नाई."

"दहा वर्षांनी मोजलं की असंच होणार," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली आणि पुढचं पान उघडलं.

नंतर पावसाळ्यात कंपनीचं पत्र आलं. बेकर्स फोर्डच्या दफनवहीत त्रेसष्ट नोंदी चुकीच्या होत्या, आणि ही चूक हाताची नव्हती. मूळ पानावर नावाच्या जागी नुसतं 'इन्फंट' लिहिलेलं. अमक्याचं बाळ, वय चार दिवस. अमक्याचं बाळ, वय एक दिवस. आणि आमच्या टाइप केलेल्या नोंदीत तिथं नावं होती. मार्था. सुझाना. पीटर. कॅथरिन. त्रेसष्टच्या त्रेसष्ट.

मी ती सगळी पानं काढून बघितली. माझ्या तपासणीतून ती कशी सुटली, तर मी शकुनचं काम कधीच वरवर चाळायला लागले होते. दोष माझाही होता.

मी तिला आतल्या खोलीत बोलावलं आणि छापलेली यादी समोर ठेवली.

"हे कोणी केलं?"

"म्याच केलं."

"काहून?"

तिनं यादीवरून नजर काढली नाही. "नाव नाई तं सापडन कसं, मॅडम? त्या साइटवर नावानंच शोधा लागते. या लेकराईले कोणी शोधलं तं ते निघतच नाईत. मी पायलं शोधून."

"पण ही नावं आली कुठून? मनानं टाकलीस?"

"मनानं नाई. त्या गावात पहिल्या पोरीले मायच्या मायचं नाव ठेवत. दुसरीले बापाच्या मायचं. पोराईचं पण तसंच. मी घर घर पाहून ठेवले."

ती हे इतक्या सरळपणे सांगत होती की मला राग धरता येईना. मी म्हटलं, "शकुन, ही लोकांची खरी माहिती आहे. खोटं लिहिलं आपण."

"खोटं हायेच," ती म्हणाली. "मले माहीत हाय."

कंपनीनं दोनच वाटा ठेवल्या होत्या. करणाऱ्याला काढा, नाही तर सगळं काम परत घेतो. बावीस जणींचं पोट त्यावर होतं. पत्र मीच टाइप केलं. ती सही करून गेली, नकाशाचं कॅलेंडर टेबलावरच राहिलं. त्या दुपारी मी एकटीनं बसून त्रेसष्ट नावं पुसली आणि प्रत्येक ठिकाणी पुन्हा 'इन्फंट' लिहिलं. कामच तेवढं होतं. तरी सुझाना वीव्हरपाशी आले तेव्हा मला उठून तोंड धुवून यावं लागलं.

तीन महिन्यांनी तिचा फोन आला. "मॅडम, एक अर्ज लिहून द्यान का? तुमची भाषा चांगली हाये."

मी रविवारी मूर्तिजापूरला गेले. स्टेशनासमोर चहाच्या टपरीत बाकड्यावर बसून तिनं मला जे सांगितलं ते नोकरीच्या तीन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली होती. तिची आई आधीच वारली होती, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं होतं. आठवाच महिना होता. नाल्याला पूर, रस्ता तुटलेला, गाडी येऊ शकली नाही. गावातल्या सुईणीनं मोकळी केली. किशोर तेव्हा पुण्याला कंपनीत होता. शकुनला तिसऱ्या दिवसापासून ताप चढला तो उतरेच ना. तिला आठवतं ते तुकड्यातुकड्यानं. कुशीत काहीतरी ऊन ऊन, आणि अंधाऱ्या खोलीतला शेगडीचा धूर. नवव्या दिवशी मुलगी गेली. सासरे खुशालराव तिला फडक्यात घेऊन गेले. बाराव्या दिवशी बारसं असतं. नाव ठेवायचंच राहिलं. किशोर पोचला तो अकराव्या दिवशी.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काई नाई. घरात कोणी नावच काढलं नाई. पुढं दोनदा पडलं, मंग नागपूरले पिशवी काढली." तिनं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "ना जन्माची नोंद, ना मेल्याची. जनगणना होऊन दोन वर्षं झालती, पुढची झालीच नाई. त्या बेकर्स फोर्डमंदी एका दिवसाचं लेकरू बी वहीत लिहून हाये मॅडम. कोणं लिहिलं, काहून लिहिलं, मले माहीत नाई. पर लिहून हाये."

मी अर्ज लिहिला. माझ्या हातून नोकरी गेलेल्या बाईसाठी तो अर्ज होता. तिनं तो एकदा वाचला आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

वडगाव मोहाडीचा ग्रामसेवक कुलदीप नावाचा तरुण होता. चांगला माणूस. त्यानं अर्ज दोनदा वाचला.

"वहिनी, दहा-अकरा वर्षं झाली. आता तालुक्याहून आदेश लागते. अन् आदेशाले पुरावा लागते. दवाखान्याचा कागद?"

"नाई."

"सुईण?"

"वारली."

"लसीचं कार्ड, फोटो, कायी?"

"नाई."

त्यानं डोकं खाजवलं. "मंग पाहणारा माणूस पायजे. बाळ जिवंत पाहिलेला, गेलेलं पाहिलेला. त्यानं शपथेवर सांगितलं तं होऊ शकते."

खुशालराव चार वर्षांपूर्वी गेले होते. उरल्या एकट्या पार्वताबाई.

आम्ही तिच्या घरी गेलो. पार्वताबाई ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, कपाळावर गोंदण. मला पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं. किशोर आत होता. शकुननं उभ्या उभ्याच सांगितलं. "आई, तुमाले तालुक्याले येऊन सांगा लागते. पोरगी झालती, नऊ दिवस होती, एवढंच."

पार्वताबाईंचे हात थांबले नाहीत. सुपातले खडे त्या बाजूला टाकत राहिल्या.

"कागदावर आणून ती परत येते काय?"

"नाई येत."

"मंग कायले उकरून काढतं?"

किशोर दारात आला. "माय बरोबर म्हंते. लोकं हसतीन. सोड आता."

"तुमी पाहिली बी नाई तिले," शकुन म्हणाली. आवाज चढला नव्हता. किशोर परत आत गेला.

मी मधे पडले. "काकू, तिथं कोणी तुम्हाला बोलणार नाही. चार प्रश्न विचारतील. कधी झाली, कधी गेली, कशानं गेली."

तेव्हा त्यांचे हात थांबले.

"कशानं गेली, हे बी इचारतीन?"

"हो. रकाना असतो तसा."

शेजारच्या घरी टीव्ही चालू होता. मग पार्वताबाई सुपाकडे बघतच बोलायला लागल्या, जणू तुरीलाच सांगत होत्या.

"पिवळी पडलती. सातव्या दिवशी. डोळे बी पिवळे. नाल्याचं पाणी उतरलं होतं तवा. बैलगाडी निघत होती. हे म्हणे, मूर्तिजापूरले नेऊ. मी नाई म्हटलं. बारा दिवसाच्या आधी लेकरू उंबऱ्याबाहेर काढत नाईत, म्हटलं. माझ्या तीन पोरी बी अशाच पिवळ्या झालत्या, दोन जगल्या. वाटलं, जगन." त्यांनी सूप खाली ठेवलं. "नेली असती तं जगती का, हे मले कोणी सांगत नाई. मी कोणाले इचारलं बी नाई."

शकुन भिंतीला टेकली होती. तिला हे माहीत नव्हतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. अकरा वर्षं एका चुलीवर जेवलेल्या दोन बाया.

"पाणी उतरलं होतं?" ती म्हणाली. "मले तं सांगितलं, रस्ताच नव्हता."

"ह्यायनंच सांगितलं तसं. माझ्यासाठी."

शकुन मागच्या अंगणात गेली. मी तिच्यामागे जायला निघाले तर पार्वताबाईंनी माझं मनगट धरलं. पकड घट्ट होती.

"बाई, मी इथं सांगतलं. तिथं साहेबापुढं नाई सांगणार. कागदावर नाई. माझा अंगठा त्याच्यावर नाई उमटायचा."

त्यांचा अंगठा उमटला नाही. आम्ही महिनाभर वाट पाहिली. कुलदीपनं दोनदा घरी जाऊन समजावलं. शेवटी तालुक्याहून अर्ज परत आला. पुरावा नाही, म्हणून निकाली. त्यात चुकीचं काही नव्हतं. पुराव्याशिवाय लिहिलेल्या नावांसाठी मी स्वतः एका बाईला कामावरून काढलं होतं.

अर्ज परत आल्यावर चार दिवसांनी शकुननं मला पुन्हा बोलावलं. "आई म्हंते, जागा दाखवते. तुमी या. माझ्यानं एकलीनं होणार नाई."

लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. कुठं पुरलं ते आईला सांगत नाहीत, अशी आमच्याकडे रीत. खुशालरावांनी फक्त बायकोला सांगितलं होतं.

सकाळी आठला आम्ही तिघी निघालो. पार्वताबाई पुढे, हातात काठी. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरातून, मग बांधानं, मग नाल्याकडे. नाल्यापाशी आल्यावर पार्वताबाई थांबल्या. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. पन्नास पावलं पुढे गेल्या, परत आल्या.

नाला आता नाला राहिला नव्हता. तीन-चार वर्षांपूर्वी सरकारी योजनेत पोकलेन लावून तो खोल केला होता, रुंद केला होता. दोन्ही काठ सरळ कापलेले, उतरते. निघालेली माती वावरांमधून पसरून टाकलेली. काठावर एक झाड नव्हतं.

"बाभूळ होती," पार्वताबाई म्हणाल्या. "दोन फांद्यांची. तिच्या बुडापाशी म्हणे. इथंच होती, या जागी." काठीनं त्यांनी हवेत एक जागा दाखवली. खाली पंधरा फूट पोकळी होती, तळाशी हिरवं पाणी. "नाई. थोडी तिकडं होती. ते वळण होतं ना, वळणाच्या अलीकडं." वळण आता कुठं नव्हतंच.

त्या काठाच्या अगदी कडेला गेल्या. मी त्यांचा दंड धरला.

"मले सापडत नाई वं शकुन," त्या म्हणाल्या.

शकुन मातीकडे बघत उभी होती. मग वावरात शिरली, जिथं ती उकरलेली माती टाकली होती आणि आता हरभरा होता. वाकून तिनं मूठभर माती उचलली, बघितली, खाली टाकली. कोणती माती कुठली, हे कोणाला सांगता येणार?

"चाला," ती म्हणाली. "उन्ह तापलं."

परतताना तिनं सासूला पुढे घातलं आणि स्वतः मागून चालली.

त्या हिवाळ्यात पार्वताबाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. किशोर वावराचं बघतो, घरात तो आणि शकुन कामापुरतं बोलतात. सासूचं अंग पुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं, सगळं शकुन करते. नोकरी तिनं पुन्हा शोधली नाही. आमचं ऑफिसही यंदा बंद झालं. ते काम आता माणसांशिवाय होतं म्हणे, कॉम्प्युटरच अक्षर वाचतो.

मागच्या महिन्यात मी तिला भेटून आले. पार्वताबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. शकुन त्यांच्या पाठीला पावडर लावत होती. आम्ही बाहेर ओसरीत येऊन बसलो तेव्हा मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"तुला त्यांचा राग येत नाही?"

"येते ना," ती म्हणाली. "रोज येते. सकाळी तोंड पाह्यलं का येते."

"मग?"

ती पदरानं हातावरची पावडर पुसत राहिली. "मी तापात होती ताई. मले तिचं तोंड नीट आठवत नाई. सुईण गेली, मामाजी गेले. पाहिलेली आता हे एकलीच उरली." तिनं दाराकडे पाहिलं. "कधी इचारते मी. केस कशे होते, म्हणून. बोलता येत नाई तिले नीट, लाळ गळते. पर सांगते. लय होते म्हणे केस. कानावर बी होते."

आतून पार्वताबाईंनी डाव्या हातानं खाटेच्या कडेवर दोनदा ठोकलं. शकुन उठून आत गेली.